शिंप्याचं बटण

घास गिळला की शिंप्याचं काळीज असं उसळायचं, की शर्टाचं बटण तुटून भिंतीवर आदळायचं आणि त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. धास्तीनं त्यानं अन्नच सोडलं. तो इतका वाळला, की शर्ट अंगात घातलाय की खुंटीवर टांगलाय, कळेना. तपासणीला तो दरवेळी उपाशीच जाई, मग यंत्रावरच्या रेघाही शहाण्यासारख्या येत.

"मनाचे खेळ," डॉक्टर म्हणत.

आज छातीला वायरी लावल्यावर त्यानं लाजून वरून शर्ट घातला, तोच बायकोनं पिशवीतून पाव काढला.

"अहो, गिळा."

"मेलो तर?"

"उपासानंही मरालच. निदान डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत मरा."

त्यानं डोळे मिटून गिळलं. रेघा पिसाळल्या.

शुद्ध आली, तेव्हा डॉक्टर त्याचा हात घट्ट धरून बसले होते.

"दिसलं त्यांना," म्हणत बायको बटण शोधायला खाटेखाली वाकली.