गार जिलबी

लढाई सुरू झाली आणि रविवारची सुट्टी गेली. ह्यांची रात्रपाळी सकाळी सुटायची. मी दर रविवारी मीराला कडेवर घेऊन खमरियाच्या कारखान्याच्या वळणाजवळ खूबचंदकाकांच्या हॉटेलात जाऊन बसायची. नाश्ता म्हणा की जेवण, आठवड्यातलं तेवढंच एकत्र खाणं. पोहे, पुरी-भाजी आणि खव्याची जिलबी.

ह्यांचं काम दारूगोळा भरायच्या विभागात. तिथं काडेपेटी न्यायला बंदी, म्हणून पाळीवर जाताना सगळे आपापली पेटी काकांच्या फळीवर ठेवत आणि सुटल्यावर उचलून पहिली सिगरेट तिथंच पेटवत.

त्या रविवारी मीराला न्हाऊ घालताना धमाका ऐकला. तावदानं थरथरली. गोळ्यांची चाचणी रोज चाले, त्याची सवय होती. पण रविवारी चाचणी नसे.

हॉटेलात माणसं आली, पेट्या उचलून गेली. शेवटी दोनच उरल्या. एक शेजारच्या गुणवंतरावांनी घेतली.

"काहून वहिनी, पोहे नुसते पाहून राहिल्या?"

"हे दिसले का?"

"माझा सेक्शन वेगळा ना. येईल शशिकांत, तुम्हाला सोडून पळून थोडाच जाते तो."

ते हसत गेले. मीरा माझ्या हातून घास घेईना. घास तिच्या तोंडाशी धरून मी फळीवरच्या पेटीकडेच बघत होते.

खूबचंदकाका फाळणीत सक्करहून आलेले. नेहमीचं गिऱ्हाईक वळणावर दिसलं की मगच त्याची जिलबी कढईत सोडायची, हा त्यांचा नियम. बशीत जिलबी गार झालेली त्यांना खपत नसे.

"बेटी," ते कढईजवळून म्हणाले, "शशी बाबू आ गए मोड़ पर." आणि त्यांनी जिलबी सोडली.

माझा जीव भांड्यात पडला. मी दुधात पुरी कुस्करली, मीरानं वाटीभर खाल्ली, माझ्या पदराला तोंड पुसलं. रिकाम्या खुर्चीपुढं जिलबीची बशी आली. वाफ निघाली, विरली. पाक घट्ट व्हायला लागला.

तेव्हा माझं लक्ष गेलं. कढईजवळच्या ज्या काचेतून वळण दिसायचं, तिच्यावर ब्लॅकआउटचा नवाच काळा कागद चिकटवलेला होता.

"काका, तुम्हाला काही दिसलं नाही ना?"

त्यांनी झारा खाली ठेवला. "नहीं दिखा, बेटी. पर बच्ची ने खा लिया ना?"

मला राग यायला हवा होता. मी मीराच्या भरल्या पोटावर हात ठेवून दाराकडे बघत बसले.

हे आले ते कारखान्यातच न्हाऊन, ओल्या केसांनी, थकलेले. "आज रविवारीही चाचणी घेतली. पाळी लांबली, सगळा माल भरून होईस्तोवर सोडलं नाही. तू खाल्लं नाहीस अजून?"

काकांनी बशीला हात घातला. "रुको, गरम डालता हूं."

मी बशी माझ्याकडे ओढली. "राहू द्या, काका. हीच हवी."

अर्धी मोडून ह्यांना दिली.

"गार आहे गं," हे म्हणाले.

"असू दे. खा."

काकांनी मान खाली घालून कढईखालची आच कमी केली. हे उठले आणि त्यांनी फळीवरची शेवटची काडेपेटी घेतली.