चौथी थाप

पौष सरत आला होता. माणदेशाच्या उजाड, कातळकरड्या माळावर उतरतं ऊन केशरी होत होतं. शाळवाची कणसं दाण्यांनी जडावली होती, निवडुंगांच्या सावल्या लांबून बांधापलीकडे गेल्या होत्या, आणि पश्चिमेच्या डोंगरापासून सूर्य हातभर वर उरला होता. तेवढाच वेळ अनसूयाच्या हाती होता.

कातळवाडीच्या वेशीवर, हुतात्म्यांच्या स्तंभापाशी, तिने तुराट्यांचा जाळ केला होता. मांडीवर वडिलांचा, आबांचा डफ होता. हवालदार तात्याबा फडतरे, शाहीर तात्याबा फडतरे. पलटणीत बावीस वर्षं, फडात चाळीस. छातीवर पदकं आणि काखेत डफ, असा तो धिप्पाड, धीरगंभीर, खोडकर माणूस. त्याला जाऊन आज वर्ष झालं होतं.

फडाची एक रीत होती. शाहीर गेला की त्याचा डफ भिंतीकडे तोंड करून वर्षभर टांगायचा. वर्षश्राद्धाला, दिवस मावळायच्या आत, वारसाने तो स्वतः जाळावर शेकून ताणायचा आणि वाजवायचा. बोलला तर फड पुढे चालला. फाटला तर डफाचं कडं नदीला सोडायचं, आणि फड मिटला. गावाने वारस म्हणून आबांच्या पुतण्याकडे डोळे लावले होते. अनसूयाने कुणाला विचारलंच नाही. सकाळी खुंटीवरून डफ उतरवला आणि श्राद्धाला आलेल्या सासरच्या माणसांदेखत काखेत मारला. बापावर गेलेली लेक, दुसरं काय.

पण तिला फडाहून एका थापेची ओढ होती.

आबांचा प्रत्येक पोवाडा तीन थापांनी उघडत असे. एक. दोन. तीन. आणि चौथीच्या जागी नुसती शांतता, एका श्वासाएवढी, निःशब्द, निष्कंप. गावाला ती शाहिराची लकब वाटे. अनसूयाला मात्र तिच्या हळदीच्या दिवशी आबांनी परसात बसवून सांगितलं होतं.

"खंदकात आमी चौघं व्हतो, अनसे. सिदू, बळवंत, कासम आन् म्या. गोळा पडला, तिघं गेलं. तीन थापा त्येंच्या. चौथी माझी हाय, ती म्या कशी वाजवू? म्या गेल्यावर तू वाजव."

सांगून ते हसले होते. त्या गोळ्याने त्यांचा उजवा कान कायमचा मिटवला होता, आणि हसताना ते डावा कान पुढे करत, जणू आपलंच हसू ऐकायचं राहून जाईल. अनसूया त्या दिवशी हळदीच्या अंगाने खूप रडली होती.

आता ती डफ जाळावर फिरवत होती. वर्षभर मुकं राहिलेलं शेळीचं कातडं सैल, मलूल, उदास झालं होतं. बोटाने टिचकी मारली तर ओल्या पोत्यासारखा आवाज येई. भोवती गाव जमलं होतं, आणि चार पावलांवर महिपतदादा तुणतुणं घेऊन उभे होते. चाळीस वर्षं आबांच्या उजव्या अंगाला, त्या मिटलेल्या कानाच्या बाजूला उभे राहिलेले.

"जपून, पोरी," ते म्हणाले. "चामडं लई तहानलंय."

तिने तळवा टेकवून पाहिला. कोमट. पुन्हा जाळ. पुन्हा तळवा. अजून कोमटच. सूर्य डोंगराला टेकला. पुतण्याने घसा खाकरला, बाया कुजबुजल्या, आणि तिने आणखी मूठभर तुराट्या सारल्या. जाळ उसळला. पुन्हा तळवा. कोमट.

मग वास आला. करपल्याचा.

तिने डफ जाळावरून उचलला. कातड्यातून बारीक कुरकुर ऐकू आली, ताणलेल्या सुंभासारखी, आणि त्या कुरकुरीबरोबर आबांचा चिडवणारा आवाज आठवला. "भाकरी करपली तर म्या खाईन, अनसे. डफ करपला तर कोन खानार?" तेव्हा त्यांनी तिचा तळहात उलटा धरून दाखवला होता. "ह्यो हात इस्तवाला सरावलाय. भाकऱ्या थापून निबर झालाय. हात खोटं बोलत्यात. गालाला इचार."

गालाला. ते नेहमी डफ उजव्या गालाला लावत. गाव म्हणे, शाहीर कातड्याचं गूज ऐकतो. बहिऱ्या कानाने कसलं गूज ऐकायचं? ते ऊब मोजत होते. तिने उजवा गाल टेकवला आणि चटका लागून तिचे डोळे भरून आले.

डफ पेटायचाच काय तो राहिला होता. आणि माळावरून सांजेचा गार, बोचरा वारा सुटला होता. तापलेल्या कातड्याला तो लागता तर ते उभं तडकलं असतं. अनसूयाने क्षणात डफ पदराखाली घेतला, छातीशी आवळला आणि वाऱ्याकडे पाठ करून बसली. बर्फातल्या चौकीवर आबा रायफलीचा बोल्ट असाच अंगाशी धरून बसत. तो गारठू नये म्हणून. आणि हा एकदम निवू नये म्हणून. ती बसून राहिली. अर्धा सूर्य गेला.  कुरकुर मंदावली, विरली, थांबली. पाव सूर्य उरला.

ती उठली. पदर खोचला. डफ वर धरला.

एक, सिदूची. कातडं खणखणीत बोललं, आणि महिपतदादांनी डोळे मिटले. दोन, बळवंतची. तीन, कासमची.

आणि सवयीने सगळं गाव थांबलं. म्हातारे थांबले, बाया थांबल्या, दादांचं बोट तारेवर थांबलं. त्या रिकाम्या जागेत आबा उभे होते. डावा कान पुढे करून, हसत. अनसूयाचा हात उचललेलाच राहिला. ही जागा भरली की आबा गेले. वर्षभर ते कुठे गेले होते? इथेच तर होते. तिला थाप मारायची नव्हती. कधीच मारायची नव्हती, हे तिला आत्ता कळलं.

डोंगरमाथ्यावर सूर्याची लाल किनार उरली, नखाएवढी.

"पोरी," महिपतदादा हळूच म्हणाले, "त्यो लई वर्सं थांबलाय."

तिने थाप मारली.

शाळवावरून, बांधावरून, साऱ्या माळावरून तो नाद गेला आणि डोंगराला लागून परत आला. किनार विझली. तुणतुण्याची तार हलली, फड उभा राहिला. अनसूया डफ धरून उभी होती, आणि तिचा उजवा गाल अजून चुरचुरत होता.