वायरी काढल्यावर

आमचे सर कुणाचं ऐकून घेणाऱ्यांतले नाहीत. प्रयोगशाळेतल्या त्या टेबलावरच्या दिव्यांसमोर मात्र निमूट बसायचे. एका रांगेत छोटी सर्किटं, प्रत्येकाला एक लाल दिवा. चालू केली की जो तो आपल्याच तालात लुकलुकायचा. मग एका टोकाचे दोघे जुळायचे, त्यांच्यामागून तिसरा, आणि जुळण्याची ती लाट सरकत दुसऱ्या टोकापर्यंत जायची. शेवटी सगळे एकदम. शेजाऱ्याला शेजाऱ्याशी जोडणारी एकेक बारीक वायर, एवढंच काय ते नातं. इतक्या नाजूक जोडणीवरही लाट जाते, हा सरांचा आयुष्यभराचा दावा. माझा प्रबंधही त्याच्याच जिवावर उभा होता, आणि पुढच्या आठवड्यात तो द्यायचा होता.

काल टेबल पुसायला म्हणून मी सगळ्या वायरी काढल्या. वीज बंद करायचा कंटाळा केला. वायरी ओढताना दिव्यांचा ताल मोडला होता. फडकं घेऊन वळते तो काय, लाट पुन्हा चालली होती, अगदी रोजच्यासारखी. मी फडकं टाकून टेबलाखाली वाकले.

सगळी सर्किटं एकाच पॉवर सप्लायवर होती. एक दिवा लागला की तिथला विजेचा दाब किंचित पडायचा आणि तो धक्का शेजारी पोचायचा. दिवे जुळायचे ते या चोरवाटेने. वायरी नुसत्या शोभेच्या. हीच चूक पहिल्या वर्षाच्या पोरांनी केली असती, तर सरांनी त्यांना सोलून काढलं असतं.

आज दुपारी सर आले. मी काही आडपडदा ठेवला नाही.

“प्रत्येकाला वेगळी बॅटरी दे,” ते म्हणाले. “वायरी परत जोड. जुळतील.”

“करून पाहिलं, सर. नाही जुळत.”

“तुला धीर नाही. जोड.”

जोडलं. सर स्टूल ओढून बसले. दिवे आपापले लुकलुकत राहिले, एकाच इमारतीतल्या भाडेकरूंसारखे, कुणाला कुणाचा पत्ता नाही. घरून काकूंचा फोन आला, जेवायला येताय ना? “आज होतंय बघ,” सर म्हणाले आणि ठेवून दिला. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि रागापेक्षा कीव जास्त.

तेवढ्यात मधले दोन दिवे एकदम लागले. पुन्हा एकदम. पुन्हा. सरांनी माझं मनगट धरलं.

“बघ. म्हटलं नव्हतं?”

जवळपास सारख्या वेगाचे दोन दिवे अधूनमधून गाठ पडल्यासारखे एकत्र येतातच. त्यांतला जो जरा घाईचा, तो पुढे निघून जातो. हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

“हो, सर,” मी म्हटलं.

थोड्या वेळाने डावा दिवा किंचित आधी लागला. मग आणखी आधी. सरांनी मनगट सोडलं नाही.

“येतील परत,” ते म्हणाले.

येणारच होते. परत सुटणारही होते, आणि दर वेळी सर माझा हात असाच दाबणार होते.