शर्मिलाच्या नोट्स

दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात विद्यापीठात दर शनिवारी क्वांटम अल्गोरिदमचा प्राथमिक वर्ग सुरू झाला. फॉर्म द्यायला गेले, तेव्हा खिडकीतला कारकून म्हणाला, "नातवाचा का, आजी?"

"माझाच."

"मग जन्मसाल नीट घाला. कॉम्प्युटरचा विश्वास बसायचा नाही."

हा वर्ग माझ्या लेकीने, शर्मिलाने आखला होता. बारा व्याख्यानांच्या नोट्स लिहून झाल्या आणि आठवड्याभरात वाघोलीजवळ तिच्या स्कूटरला ट्रकने उडवलं. ती गेली. तिच्या जागी तिचा सहकारी कासिम शिकवायला उभा राहिला. "काकू, तिचा एक शब्दही बदलणार नाही," असं तो घरी येऊन सांगून गेला होता.

मी पहिल्या बाकावर बसायची. मागे सॉफ्टवेअर कंपन्यांमधली पोरं. कासिम वाचायचा आणि मला शर्मिला ऐकू यायची. "इथे जरा थांबू या हं," या वाक्यापाशी तर तिचा श्वाससुद्धा. मी दाराकडे वळून बघायची. दार बंद असायचं.

चौथ्या शनिवारी मिसबा नावाची मुलगी उठली. "सर, फळ्यावरचं सूत्र जुळत नाहीये. मदतीचा क्यूबिट उणे अवस्थेत हवा ना? इथे तर अधिक येतोय."

कासिम कागदाकडे बघत राहिला. "ब्रेकनंतर बघू."

मला चूक दिसली. क्यूबिटवर, म्हणजे क्वांटम संगणकातल्या बिटवर, आधी एक्स, मग एच, अशा दोन क्रिया करायच्या होत्या. सूत्रात आधीची क्रिया उजवीकडे लिहितात. शर्मिलाने ती डावीकडे लिहिली होती. कर्वेनगरच्या शाळेत मी तीस वर्षं गणित शिकवलं. जे आधी घडतं ते आधी लिहायचं, ही सवय तिला पाटीवर मीच लावली होती. घाईत तिचा हात त्याच वळणावर गेला.

ब्रेकमध्ये कासिमला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. पण काकू, तुम्ही समोर बसता."

"पोरं चुकीचं शिकून जातील."

"मग मी बदलू?"

मी चहा तसाच ठेवला आणि वर्गात जाऊन बसले.

वर्ग भरल्यावर मीच फळ्यापाशी गेले. दोन्ही अक्षरं पुसली, उलट क्रमाने लिहिली. उणे आलं.

"आलं, सर!" मिसबा ओरडली.

कासिमने पुढचं पान काढलं. "इथे जरा थांबू या हं," तो वाचू लागला. मी डोळे मिटून कान दिले.

आवाज कासिमचा होता. नुसता कासिमचा.