न बोललेल्या वाक्याची दोन टोकं

मी एक जुना खिळा आहे. भिंतीत ठोकतात तो नव्हे, छापखान्यातला, शिशाचा. माझ्या डोक्यावर अक्षर नाही की काना-मात्रा नाही, नुसते दोन उलटे स्वल्पविराम आहेत. कोणी काही बोललं की त्याच्या बोलण्याच्या सुरुवातीला मी उभा राहतो आणि शेवटी माझा जोडीदार. शाळेत तुम्ही आम्हाला अवतरणचिन्ह म्हणता, आणि उत्तरपत्रिकेत विसरलात तर गुरुजी अर्धा गुण कापतात. आमची किंमत ती अर्ध्या गुणाएवढी. पण मित्रांनो, आमच्यामुळे एका भल्या माणसाचं नाव गेलं आणि एक वाट बंद राहिली. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म नागपूरच्या एका ओतशाळेत झाला. तापलेलं शिसं साच्यात ओतलं, थंड झालं आणि मी बाहेर पडलो. मग खाकी कागदाच्या पुडीत बांधून आम्हाला राज्याच्या हद्दीपलीकडे, हिंदी मुलखातल्या सौंसरच्या बसमध्ये चढवलं. बस स्टँडच्या मागे भैय्याजींचा छापखाना होता. तिथे लग्नपत्रिका, पावती पुस्तकं आणि संत्र्याच्या आडतीची बिलं छापली जात. दर शुक्रवारी भैय्याजींचं चार पानी साप्ताहिक निघायचं, त्याचं नाव ‘वेस’. मथळ्याच्या मोठ्या, ठळक अक्षरांत त्यांनी आमची एकच जोडी मागवली होती. सौंसरात एवढ्या मोठ्या अक्षरात छापण्यासारखं बोलतो कोण, असं ते हसून म्हणायचे.

आम्हाला जुळवायचं काम कमलकडे होतं. मोहगावच्या रस्त्यावर एक लहान गाव आहे, तिथून ती रोज सकाळच्या बसने यायची. आठवी झालेली, बोलायला कमी, हाताला चलाख. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. ते उलटं वाचून सुलटं जुळवायचं, छापून झालं की प्रत्येकाला धुऊन पुसून आपापल्या खणात परत टाकायचं, हे ती सहज करायची. तिला इथे आणलं होतं तिच्या गावच्या दादारावांनी. ती त्यांना मामा म्हणायची. दादाराव शेतमजुरी करून सरपंच झालेले. गावाच्या बौद्ध वस्तीतला माणूस त्या खुर्चीवर पहिल्यांदाच बसला होता. कमलला घेऊन आले तेव्हा भैय्याजींना म्हणाले होते, "पोरगी हुशार हाय जी. तुमचं उलटं बी सुलटं वाचन."

सुरुवातीची वर्षं फार छान गेली. शाळेच्या बक्षीस समारंभात पाहुणे बोलले, आम्ही होतो. संत्रा बागायतदारांच्या सभेत ठराव झाला, आम्ही होतो. लोक आपलं छापून आलेलं बोलणं कापून काचेत लावायचे. खोटं कशाला सांगू, मला थोडा माज चढला. माझ्याशिवाय कोणाच्या शब्दाला वजन येत नाही, असं मला वाटायला लागलं. बोलणारा कोण, ते खरंच बोलला का, याची चौकशी मी कधी केली नाही. दोन टोकं धरून उभं राहायचं एवढंच मला ठाऊक होतं.

ही गोष्ट १९८४ सालची. दादारावांच्या वस्तीतून शाळेकडे जाणारी पायवाट पुंडलिकरावांच्या संत्र्याच्या बागेच्या बांधावरून जात होती. पुंडलिकराव मोठे बागायतदार. पोरं फळं तोडतात म्हणून त्यांनी तिथे काटेरी तार ओढली. वस्तीतल्या पोरांना नाल्याकडून दूरचा फेरा पडायला लागला आणि पावसाळ्यात तर शाळाच बुडायची. भांडण झालं, धक्काबुक्की झाली, आणि प्रकरण सौंसरच्या कोर्टात गेलं. दोन वर्षं तारखा पडत राहिल्या. शेवटी दादारावांनीच पुढाकार घेतला. पुंडलिकरावांच्या घरी जाऊन बसले, दोघे जुनं विसरायला तयार झाले. तार निघेल, वाट मोकळी होईल आणि केस मिटवू, असं ठरलं.

आता आमच्या मुलखाची एक गंमत तुम्हाला सांगायला हवी. इथे घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. त्यामुळे काही शब्द दोन्हीकडचं खातात. मराठीत राजीनामा म्हणजे खुर्ची सोडणं. पण इथल्या कोर्टाच्या हिंदीत राजीनामा म्हणजे दोन्ही बाजूंनी राजी होऊन भांडण मिटवणं. खुर्ची सोडायची तर त्याला इस्तीफा म्हणतात. पेशीला, म्हणजे कोर्टाच्या तारखेला, आलेल्या कोणालाही हे माहीत असतं.

समेट ठरल्यावर एक दिवस दादाराव कोर्टाच्या फाटकाबाहेर चहा पीत कोणाला तरी म्हणाले, "आता राजीनामा करून टाकतो बाप्पा. किती दिवस चकरा मारून राहू?" मागच्या बाकावर दिलीप बसला होता. हा भैय्याजींना गावोगावच्या बातम्या आणून द्यायचा. त्याने एवढंच ऐकलं आणि सायकल दामटत छापखान्यात आला.

"भैय्याजी, दादाराव सरपंच राजीनामा देऊन राहिले."

"कोण म्हणते?"

"सोता ऐकलं ना म्या. थकलो म्हणे."

थकलो हे दिलीपने स्वतःच्या खिशातून घातलं. चांगली बातमी आणल्याचा आनंद होता, त्यात घसरला असेल.

भैय्याजी वाईट माणूस नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. कोणाचं पोर हरवलं तर ते पैसे न घेता छापायचे. पण त्यांचं शिक्षण नागपूरचं, शब्द कानावर पडला तो मराठीच पडला. शिवाय गुरुवारची दुपार होती आणि पहिल्या पानावर मथळ्याची जागा रिकामी होती. रिकामी जागा भैय्याजींना बघवायची नाही. दादारावांचं गाव बसने पाऊण तासाच्या अंतरावर होतं आणि दुपारची बस स्टँडवर उभी होती. जाऊन विचारता आलं असतं. त्याऐवजी त्यांनी लेखणी उचलली आणि खुर्ची सोडणारा माणूस काय म्हणेल याचा अंदाज करून दादारावांच्या तोंडी घातला: "आमच्या लोकांत एकी नाही, मी राजीनामा देतो."

कमलने कागद वाचला. ती खिळ्यांकडे वळली नाही.

"भैय्याजी, एकी नाही म्हणून मामा बोलले का?"

"बोललेच असन."

"ते तसं नाही बोलत जी. वस्तीवाल्याईले त ते कधीच…"

"कमल, बातमी मी लिहितो. तू खिळे जुळव."

तिने जुळवलं. अगोदर मला उचललं. तिचं बोट क्षणभर माझ्यावर थांबलं, ते मला अजून आठवतं. मग आ, म, च्या, असं एकेक अक्षर लागत गेलं आणि शेवटी माझ्या जोडीदाराने दार लावून घेतलं. आमच्या मधलं एक अक्षरसुद्धा त्या माणसाच्या तोंडून त्या अर्थाने निघालेलं नव्हतं. ध चा मा केला म्हणतात, तिथे निदान एक अक्षर तरी बदलावं लागलं होतं. आमच्याकडे राजीनामा हा शब्द होता तसाच राहिला, फक्त त्याला दुसऱ्या माणसाचं मन चिकटवलं. मी तेव्हा ताठ उभा होतो. मथळ्यात जागा मिळाली म्हणून खूश होतो.

शुक्रवारी अंक निघाला. शनिवारी नागपूरच्या एका दैनिकाने तीच बातमी उचलली. विचारायला तिकडूनही कोणी आलं नाही. उलट त्यांनी एक वाक्य जास्तीचं जोडलं, "यांच्यासाठी मरूनही उपयोग नाही." तेही अवतरणचिन्हातच. मोहगावच्या बाजारात लोक दोन्ही अंक शेजारी धरून वाचत होते. दोन पेपरांत आलं म्हणजे खरंच असणार, असं म्हणत होते. दुसरा पहिल्याचंच खाऊन ढेकर देतोय हे त्यांना कसं कळणार?

सोमवारी कमल आली ती डोळे सुजवून. वस्तीत काय झालं ते तिने मशीन चालवणाऱ्या हिरामणला सांगितलं, तेव्हा मी खणात पडून ऐकलं. चंद्रकला नावाची बाई, जिने दादारावांसाठी दारोदार मतं मागितली होती, ती त्यांच्या अंगणात उभी राहून म्हणाली होती, "आमच्यात एकी नाही म्हणता दादाराव? मंग तुमाले निवडून कोण देलं?" ते सांगत राहिले की आपण असं बोललोच नाही. ती म्हणाली, "छापून आलं ना." पुंडलिकरावांचा निरोप आला तो वेगळाच. सरपंच चालला आहे, आता समेट करायचा कोणाशी? तार राहू द्या. ठरलेल्या पेशीला ते गेलेच नाहीत.

त्याच दुपारी दादाराव छापखान्यात आले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं, हातात घडी केलेला अंक. आवाज चढवला नाही.

"भैय्याजी, राजीनामा म्हटलो म्या. कोर्टातला. वाट मोकळी कराची होती. पण हे एकीचं कोण बोललं?"

भैय्याजींचा चेहरा उतरला. चूक त्यांना तिथल्या तिथे कळली, पण ती गिळायला त्यांना जड गेली. "तसा अर्थ निघत होता दादाराव," ते म्हणाले.

"अर्थ तुमचा हाय. नाव काहून माझं टाकलं?"

भैय्याजी म्हणाले, पुढच्या अंकात खुलासा छापतो. दादारावांनी मान हलवली. मग त्यांची नजर खिळ्यांच्या खणांपाशी उभ्या असलेल्या कमलकडे गेली. तिच्या बोटांना शाई होती.

"तुले माहीत होतं का बाई?"

"म्या इचारलं होतं मामा," कमल म्हणाली. आणि शाईची बोटं पुसत म्हणाली, "मंग जुळवलं."

दादारावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेले. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

खुलासा आला. चौथ्या पानावर, बियाण्यांच्या जाहिरातीखाली, बारीक अक्षरात तीन ओळी. त्या ओळींत दादारावांचं खरं म्हणणं होतं, पण "सरपंचांचे म्हणणे असे की" एवढं लिहून मोकळे झाले, अवतरणचिन्ह नाही. ते बोलले नव्हते तेव्हा आम्ही मोठ्या दिमाखात दोन्ही बाजूंना उभे होतो, आणि खरं बोलले तेव्हा खणात झोपलो होतो. याची मला आजही लाज वाटते. नागपूरच्या दैनिकाने तर तेवढंही छापलं नाही.

दोन महिन्यांनी ग्रामपंचायतीत अविश्वासाचा ठराव आला. सभेत कोणीतरी तो मथळा वाचून दाखवला. दादारावांच्या स्वतःच्या वस्तीतल्या पंचाचाही हात विरोधात वर गेला. ते पडले. भैय्याजी बातमी लिहिता लिहिता हिरामणला म्हणाले, "पाह्य, आपण आधीच छापलं होतं." हिरामण पायाने मशीन चालवत राहिला. कमलने ती बातमी जुळवली आणि छापून झाल्यावर आम्हा दोघांना धुतलं, पुसलं, पण खणात टाकलं नाही. एका रिकाम्या काडेपेटीत ठेवलं.

त्यानंतर भैय्याजींनी मथळ्यासाठी आम्हाला मागितलं की ती विचारायची, "कोणी ऐकलं जी?" नाव सांगितलं तर काडेपेटी उघडायची, नाही तर नाही. भैय्याजी चिडायचे, पण तिला काढून टाकलं नाही. स्वतःही हळूहळू विचारायला लागले असावेत, कारण पुढच्या वर्षांत दिलीपला ते दोनदा परत पाठवताना मी ऐकलं. पण एवढं शहाणपण यायला एका माणसाचं नाव खर्ची पडलं होतं.

१९८९ मध्ये छापखाना उठला. नवी यंत्रं आली होती, आम्हाला कोणी विचारेना. माझे सगळे भाऊबंद पोत्यात भरून भंगारात गेले. आम्ही दोघे तेवढे कमलच्या काडेपेटीत उरलो.

एक दिवस ती आम्हाला घेऊन दादारावांकडे गेली. नाल्याकडून, फेऱ्यानेच, कारण तार तशीच होती. शाळेतली पोरं पाटी डोक्यावर धरून त्याच फेऱ्याने परतत होती. दादाराव आता थकले होते, ओट्यावर बसून दोरी वळत होते. कमलने शिक्क्याची शाई आणि कोरा कागद आणला होता. आधी मला शाईवर टेकवून कागदावर उमटवलं, मग बरीच जागा सोडून माझ्या जोडीदाराला.

"मामा, त्या दिवशी चहाच्या टपरीवर तुम्ही काय बोलले होते ते सांगा. जसंच्या तसं. मी मधात लिहीन."

दादारावांनी दोरी बाजूला ठेवली. फार वेळ आठवत राहिले.

"आता याद नाही राहिलं बाई," ते म्हणाले. "पेपरात आलं तेच याद येते."

कमलने कागदाची घडी केली. आमच्या दोघांच्या मधली जागा कोरीच राहिली. आम्ही त्या माणसाची वाट हिरावली, नाव हिरावलं, आणि शेवटी त्याचं स्वतःचं वाक्यही त्याच्याजवळ राहू दिलं नाही. शिशाला रडता येत नाही, म्हणून मी तसाच पडून राहिलो.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, लिहाल, छापाल, निदान एकाचं दुसऱ्याला सांगाल. कोणाच्या शब्दांच्या दोन्ही बाजूंना आम्हाला उभं करण्याआधी कमलने विचारलं तेवढं विचारा: कोणी ऐकलं? उत्तर मिळालं नाही तर तिच्यासारखं मग जुळवू नका. आम्हाला काडेपेटीतच राहू द्या.