सतरा नंबरचा दगड

माझा नवरा गेथिन गेला तो फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी. वेल्समधल्या आमच्या कुरणात जुन्या नॉर्मन किल्ल्याची एकच भिंत उरली आहे. वारा सुटला की मेंढ्या तिच्या आडोशाला बसतात. त्या दिवशी एक गाभण मेंढी तिथून हलेना.

"भिंतीखाली फार थांबू नकोस," मी म्हटलं.

"नऊशे वर्षं उभी आहे ती. आज काय माझ्यासाठी पडणार आहे होय?" असं म्हणत तो गेला.

भिंतीचा वरचा कोपरा त्याच्यावर कोसळला. मेंढीला काही झालं नाही.

अंत्यविधीला चॅपलमध्ये सगळे वेल्शमधून भजनं गायले. मीही गायले. शेजारणींनी मनुक्यांचे पाव आणून दिले, ते मी खाल्ले. रडू आलं नाही.

किल्ला संरक्षित, म्हणून पडलेले दगडही नोंद होईपर्यंत हलवायचे नव्हते. वारसा खात्याच्या बेथनबाईंनी ढिगाभोवती दोरी बांधली.

"मिसेस प्रॉसर, तुम्हाला हे रोज दिसणार. सांगायलासुद्धा जीभ रेटत नाही हो."

"किती दिवस?"

"मेपर्यंत तरी."

"बरं," मी म्हटलं.

ढीग स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचा. त्याच्याकडे बघत मी भांडी घासायचे.

मेमध्ये गवंडी आला. ट्रेहर्न, गेथिनच्या वर्गातला; त्या दिवशी त्याला ढिगाखालून काढणाऱ्यांतला एक. त्याने प्रत्येक दगडावर खडूने नंबर घातला. चार दिवस मी त्याला चहा दिला. पाचव्या दिवशी विचारलं, "त्यातला कुठला?"

"नेस्ता, कशाला ते?"

"तुला माहीत आहे ना?"

त्याने मान खाली घातली. "सतरा."

मी जाऊन दगडावर हात ठेवला. एका बाजूला शेवाळ, दुसरीकडे छिन्नीचे घाव. गार होता. मला काहीच वाटलं नाही.

"नको असेल तर बाजूला ठेवू," ट्रेहर्न म्हणाला. "बेथनशी मी भांडतो."

"त्याची जागा कुठली?"

"वरून दुसरा थर."

"मग तिथेच बसव. घट्ट बसव म्हणजे झालं."

"घट्टच बसवतो गं," म्हणता म्हणता तो मटकन खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडू लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. मग चहा गार झाला म्हणून दुसरा करायला घरात आले.

जूनमध्ये काम संपलं. बेथनबाई काम पूर्ण झाल्याचा कागद घेऊन आल्या. माझी नजर खिडकीबाहेर, भिंतीच्या वरून दुसऱ्या थरावर होती; सही कुठे करायची, ते त्यांना दोनदा दाखवावं लागलं.