इनास मेंबर

मुंब्र्याच्या डोंगरात खडीची खाण होती. अठराशे एकोणनव्वद साली तिथं एक सुरुंग उडालाच नाही. तो उकरायला कंत्राटदारानं सहदेव नावाच्या मजुराला पाठवलं, आणि तो त्याच्या हाताखालीच फुटला. सहदेवचं जे उरलं ते गोळा करणाऱ्यांत ठाण्याचा इनास तुस्कानो होता. पाद्र्यांच्या शाळेत चार बुकं शिकलेला, पण पोटासाठी दगडाला भोकं पाडणारा. दुसऱ्या दिवशी तो कामाला न लागता खाणीच्या तोंडाशी बसून राहिला. शेजारी त्याच्या जोडीनं काम करणारा गुणाजी बसला. दुपारपर्यंत पावणेदोनशे माणसं बसली.

खाण तेवीस दिवस बंद राहिली. माणसं नाना जातींची, एकमेकांच्या हातचं न खाणारी. इनासनं चुली वेगळ्या ठेवल्या, तांदूळ मात्र एकत्र आणला. तो वाटायला गुणाजीची बायको शेवंती बसायची. शेवटी कंत्राटदार नमला. न उडालेल्या सुरुंगाला पुढचा एक दिवस कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं.

मजूर ज्याचं ऐकतात असा माणूस म्हणून इनासचं नाव कचेरीपर्यंत गेलं. सात वर्षांनी सरकारनं त्याला तालुका लोकल बोर्डावर नेमलं.

"जा," गुणाजी म्हणाला. "आपला एक तरी माणूस तिथं बसू दे."

पुढच्याच वर्षी प्लेग आला. खाणीच्या वस्तीत अकरा माणसं गेली. झोपड्या जाळून लोकांना माळावर हलवायचं, असं बोर्डात निघालं.

इनास उठला. "आधी मांडव नि पाणी. मग आग."

"अर्थात," अध्यक्ष म्हणाले.

ठरावाच्या कागदात मांडवाचं नाव नव्हतं. इनासनं ते दाखवलं.

"शब्द दिलाय ना, मेंबर?"

त्यानं सही केली.

मंगळवारी शिपायांनी वस्ती पेटवली. माळावर चार बांबू पडलेले होते, बाकी काही नाही. चैत्राचं ऊन. इनास कावडीनं पाणी वाहत राहिला. तिसऱ्या दिवशी शेवंती गेली. तिला गाठ नव्हती, ताप नव्हता. तिला ऊन लागलं होतं.

तिला पुरून आल्यावर गुणाजीनं विचारलं, "कागद वाचला होतास?"

"हो."

"मग सही का केलीस?"

"नाही म्हटलं असतं तर मला काढलं असतं, गुणाजी. मग आपलं तिथं कुणीच नसतं."

"आता कोण आहे?"

इनास मामलेदाराच्या अंगणात दोन दिवस उपाशी बसला, तेव्हा मांडव आले. "सोडा ते बोर्ड," त्याची बायको कात्रीन म्हणाली. त्यानं सोडलं नाही. पण नंतर तो अक्षर न् अक्षर लिहून घेतल्याशिवाय सही करेना. बैठका अडू लागल्या. मुदत संपल्यावर त्याला पुन्हा नेमलं नाही.

तो खाणीवर परत आला. गुणाजी आता मुकादम होता. त्यानं इनासचं नाव हजेरीत घातलं आणि पुढचं नाव पुकारलं.

दुपारी माणसं भाकरीची फडकी सोडून सावलीला बसली. इनास जरा लांब, उन्हात बसला. कुणी त्याला हाक मारली नाही.